चार घरगुती गोष्टी : परक्या शेवयांचें आपलेपण

चैत्र-वैशाखांत शेवया, कुरडया, पापड यांचीं वाळवणें ज्या घरांतून अजून घातलीं जातात, तेथील गृहिणींस शेवई ही वस्तु परकी वाटण्याचें कारण नाहीं. परंतु तीच शेवई कढत सारांत बुडवून, काड्यांनीं उचलून, सुरकन् आवाज करीत खावयाची, असें म्हटलें म्हणजे आमच्या पिढीच्या कपाळास आठ्या पडतात. आमच्याही पडत असत. त्या कशा उतरल्या, हें या महिन्यांत सांगावें असा विचार आहे.

आमची एक पुतणी विद्याभ्यासासाठीं जपानच्या उत्तरेकडील होक्काइदो बेटावर, साप्पोरो शहरीं राहते. तेथें दर हिवाळ्यांत सुमारें पांच मीटर बर्फ पडतें. तिचें पत्र आलें, त्यांत अभ्यासापेक्षां ‘रामेन’ नांवाच्या पदार्थाचीच हकीकत अधिक होती.

रामेनच्या शेवयांची कणीक क्षारयुक्त पाण्यानें भिजवितात. आपण ज्या कामासाठीं पापडाच्या पिठांत पापडखार घालतों, त्याच जातीचा हा क्षार. त्यायोगें शेवईस पिवळसर रंग व चिवटपणा येतो आणि ती कढत सारांतही लगदा होत नाहीं. साप्पोरोच्या पद्धतींत कांदा, लसूण व मोड आलेलीं कडधान्यें मोठ्या कढईंत परतून त्यांत ‘मिसो’, म्हणजे सोयाबीन महिनोन्महिने आंबवून केलेला खारट गोळा, कालवितात. वर स्निग्धाचा थर असतो. तो झांकणाचें काम करतो व वाडगा लवकर निवत नाहीं. थंड मुलखांतील माणसाची ही हुशारी आहे.

परंतु हा पदार्थ मूळचा साप्पोरोचा नव्हे, जपानचाही नव्हे. तो चीनमधून आलेल्या लोकांबरोबर आला. साप्पोरोंत 1922 सालीं ताकेया नांवाची एक खाणावळ विद्यापीठाजवळ निघाली. तेथें वांग नांवाचा चिनी आचारी या शेवया करीत असे. गिऱ्हाइकें त्या पदार्थाचा उल्लेख करतांना चिनी लोकांस हिणविणारा शब्द वापरीत. खाणावळवाल्याच्या पत्नीस, तात्सु बाईंस, हें सहन होईना. पदार्थ तयार झाला म्हणजे वांग आपल्या भाषेंत जी आरोळी देई, तिच्या शेवटच्या अक्षरावरून बाईंनीं त्यास ‘रामेन’ असें नांव दिलें, असें तेथें सांगतात. हा शब्द जपानांत कोठून आला याविषयीं दुसऱ्याही कथा आहेत. परंतु आपल्या स्वयंपाकघरांत राबणाऱ्या परक्या माणसाचा अपमान होऊं नये म्हणून एका गृहिणीनें पदार्थाचें नांव बदलावें, ही गोष्ट आमच्या मनांत घर करून राहिली.

पुढें 1945 सालीं युद्ध संपलें. जपानांत तांदुळाचा तुटवडा पडला व अमेरिकेंतून गहू येऊं लागला. मांचुरियांतून परतलेल्या अनेक निर्वासितांनीं शेवयांच्या गाड्या टाकून पोट भरलें. (1954 च्या ज्या अमेरिकी कायद्यानें परदेशीं धान्य पाठविण्याची मोठी योजना उभी राहिली, त्याच कायद्याखालीं आपल्याकडेही गहू येत असे. शिधावाटपाच्या दुकानांतील तांबडी मिलो ज्वारी आमच्या वडीलधाऱ्या वाचकांस आठवत असेल.) साप्पोरोंत 1951 सालीं अशा दुकानांची एक गल्लीच बसली. 1954 सालीं ‘कुराशी नो तेच्यो’ या गृहजीवनविषयक नियतकालिकाचे संपादक हानामोरि यासुजी यांनीं एका साप्ताहिकांत साप्पोरोचें वर्णन रामेनचें शहर असें केलें. 1955 च्या सुमारास ओमिया मोरितो या दुकानदारानें सारांत मिसो घालण्याचा प्रयोग केला व तोच शहराचा मानबिंदु ठरला. 1972 सालीं तेथें हिवाळी ऑलिंपिक सामने झाले, तेव्हां दूरदूरचे पाहुणेही ती चव घेऊन गेले. एका पिढीपूर्वीं ज्यास परकें म्हणून हिणविलें, तेंच गांवचें भूषण झालें! आपणही बटाटा, मिरची व साबुदाणा हे परदेशचे पाहुणे उपासाच्या पानांत घेऊन बसलोंच आहों.

पत्राच्या शेवटीं पुतणीनें एकच प्रश्न विचारला होता: “आपल्या गल्लीच्या तोंडाशीं गाडी लावणाऱ्या त्या माणसास घरांत अजून त्याच नांवानें हाक मारतां का?”

वाचकहो, येथें आमची मान खालीं गेली. त्या गृहस्थाच्या चेहऱ्यावरून आमच्या घरांत एक नांव पडलें होतें व लहानथोर सर्वजण तें हसत उच्चारीत. तें येथें लिहावयास लाज वाटते. सहा वर्षें तो तेथें उभा राहतो. त्याचें नांव आम्हांस ठाऊक नव्हतें.

दुसऱ्या दिवशीं आम्ही गाडीपाशीं गेलों. कांहीं तक्रार घेऊन आलों असें समजून त्यानें बोलण्यापूर्वींच गाडी हातभर मागें सरकविली. त्या हातभर अंतरानें आम्हांस जें कळलें, तें कोणत्याहि उपदेशानें कळलें नसतें. आम्हीं नांव विचारलें. तो दार्जिलिंगचा. शेवयांच्या साराला त्याच्या घरीं ‘थुक्पा’ म्हणतात व नुसत्या भाज्यांचाही करतात, असें त्यानें सांगितलें. तो आम्हीं घरीं आणून चाखला. मीठ किंचित् अधिक होतें, परंतु आल्याचा स्वाद उत्तम होता.

कित्येक भगिनी विचारतील, सोंवळ्याओंवळ्याचें व मांसाहाराचें काय? रामेनचें सार बहुधा हाडांचें असतें, हें खरें. आमच्या पुतणीनें कोंबु ही समुद्रांतील वनस्पति व वाळविलेलीं अळंबीं यांच्या सारावर केलेलें रामेन शोधून काढलें आहे. उत्तम कोंबु तर होक्काइदोचीच. ज्यास जें वर्ज्य, तें त्यानें खुशाल वर्ज्य करावें. परंतु माणसाचा मान राखण्यास त्याच्या हातचा वाडगा रिकामा करावाच लागतो, असें नाहीं.

आमच्या घरांत आतां त्या गृहस्थाचें खरें नांव घेतात. जुनी संवय एकदम सुटत नाहीं. परवां आमच्याच तोंडून पूर्वींचा शब्द निसटला. सर्वांत धाकट्या नातीनें ताबडतोब टोंकलें. तिला रागावण्याचा अधिकार आम्हांस उरला नव्हता.