उशाशी जरा जपून बोला

माझ्या सासूबाईंना अर्धांगवायूचा मोठा झटका आला. तीन आठवडे त्या निपचित पडून होत्या. डोळे उघडे, पण ओळख नाही. "यांना आता काही कळत नाही," असं डॉक्टर म्हणाले आणि झालं! भेटायला आलेली मंडळी त्यांच्या उशाशीच पाटल्या कुणाला जाणार ते बोलू लागली. "बाहेर बसून चहा घ्या," म्हटलं, तर थोरल्या जाऊबाई म्हणतात, "अगं, त्यांना कुठे काय कळतंय!"

कळत नाही, हे ठरवायचं कसं? इंग्लंडमध्ये अपघातानंतर एक २३ वर्षांची तरुणी अशीच पडून होती. हाक मारली तरी प्रतिसाद शून्य. एड्रियन ओवेन या शास्त्रज्ञाने तिला स्कॅनच्या यंत्रात ठेवून सांगितलं, "तू टेनिस खेळते आहेस असं मनात आण." मग, "आता स्वतःच्या घरातून फीर." दोन्ही वेळा धडधाकट माणसाच्या मेंदूत जे भाग जागे होतात, तेच तिच्याही मेंदूत झाले! ही गोष्ट २००६ सालची. २०२४ मध्ये एक मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात सांगितलेलं काहीच न करणारे २४१ रुग्ण होते. त्यांच्यापैकी ६० जणांचा मेंदू सूचना पाळत होता. म्हणजे चारांत एक!

पण मैत्रिणींनो, यंत्रात मेंदूची हालचाल दिसली. तिला आत काय वाटत होतं, भीती की घराची आठवण, ते कुठे दिसलं? मेंदूतून जाणीव कशी उपजते ते २५ वर्षांत उलगडेल, अशी पैज मेंदूशास्त्रज्ञ क्रिस्टोफ कॉख यांनी १९९८ मध्ये तत्त्वज्ञ डेव्हिड चाल्मर्स यांच्याशी लावली होती. २०२३ मध्ये ते हरले आणि वाइनच्या बाटल्या देऊन मोकळे झाले.

मेंदूवाचून मन असतं, असं मला वाटत नाही. गर्भपिशवीच्या ऑपरेशनला पूर्ण भूल घेतलेल्या बाईला विचारा, ते दोन तास गेले कुठे? (तेव्हा या कोड्याच्या नावाखाली कुणी अंगारा विकायला आलाच, तर त्याला दारातूनच वाटेला लावा.) पण मेंदूत काय घडतं ते सांगणं निराळं आणि 'मला दुखतंय' हे वाटणं निराळं. ते ज्याचं त्यालाच. बाहेरून "काही कळत नाही" म्हणून मोकळं होण्याचा हक्क आपल्याला कुणी दिला?

मी रोज त्यांची वेणी घालताना नातवाचे मार्क, नळाला न आलेलं पाणी, सगळं सांगायची. चौथ्या आठवड्यात त्या गेल्या. ऐकलं की नाही, कुणास ठाऊक. पाटल्यांचा विषय मात्र मी त्या खोलीत पुन्हा निघू दिला नाही.