असं का होतं? : पंखामागची चोरवाट

मुलांनो, शहाळ्याचं पाणी नळीने पिताना नळीला वरच्या बाजूला चीर असली तर? गाल ओढून ओढून आपण दमतो. पण तोंडात पाणी थोडं नि हवाच फार! आपली सगळी ओढ हवेने फुकट घालवलेली असते.

पाण्यावरून ‘उडणाऱ्या’ बोटींचीही अशीच फजिती होते बरं का!

उडणाऱ्या बोटी? हो, हो! या बोटींच्या पोटाखाली विमानासारखे पंख असतात. त्यांना म्हणतात हायड्रोफॉइल. बोट वेगात आली की हे पंख तिला पाण्याबाहेर उचलतात. मग पाण्याचा विरोध कमी आणि वेग जास्त. टेलिफोनवाले अलेक्झांडर ग्रॅहॅम बेल आणि त्यांचे सहकारी केसी बाल्डविन यांची ‘एचडी-४’ ही अशीच बोट. कॅनडातल्या सरोवरावर ९ सप्टेंबर १९१९ रोजी ती ताशी ११४ किलोमीटर वेगाने धावली!

पंख बोटीला उचलतो कसा? खालचं पाणी त्याला वर रेटतं. शिवाय त्याच्या पाठीवरच्या पाण्याचा दाब कमी होतो, म्हणून तो वर ओढलाही जातो. आता, काही बोटींच्या पंखांची टोकं पाण्याबाहेर डोकावतात. म्हणजे हवेला दार उघडंच! तरी ती लगेच शिरत नाही. कारण पाणी पंखाच्या पाठीला चिकटून वाहत असतं. जणू दाराला कडीच.

पण लाट आली किंवा पंख फार तिरका झाला, की पाणी पाठीवरून सुटतं. तिथे मंद, घुटमळणारं पाणी उरतं. हीच चोरवाट! वरची हवा त्या वाटेने सरसर खाली उतरते आणि पंखाच्या पाठीवर पोकळी तयार होते. ओढ गेली, उचल एकदम घटली. बोट धाडकन आपटते, नाहीतर एका अंगावर कलते. आत माणसं असतात, तेव्हा ही काही चेष्टा नव्हे.

घुसलेली हवा हट्टीही असते. पंख पुन्हा मघाइतका सरळ केला तरी ती हटत नाही. त्याहून सरळ करावा लागतो किंवा वेग बराच कमी करावा लागतो.

यावर इंजिनिअरांनी काय केलं? पंखावर पातळ आडव्या पट्ट्या बसवल्या. शेताच्या कुंपणासारख्या त्या खाली येणारी हवा अडवतात.

‘व्हेस्टास सेलरॉकेट २’ या शिडाच्या बोटीची युक्ती तर उलटीच. तिचा पंख पाचरीसारखा: पुढे धारदार, मागे बोथट. त्या बोथट बाजूमागे हवेला मुद्दाम जागा दिली. येणारच आहेस ना, मग इथे बस! २४ नोव्हेंबर २०१२ रोजी नामिबियाच्या किनाऱ्यावर पॉल लार्सन यांनी ५०० मीटर अंतर ताशी सुमारे १२१ किलोमीटर वेगाने कापून विक्रम केला.

आता तुम्ही करून पाहा. टबात पाणी भरा. आई-बाबांपैकी कोणी जवळ असू द्या. प्लास्टिकची पट्टी उभी, अर्धी बुडवून धरा. कड पुढे ठेवून झरकन ओढा. मग थोडी तिरकी करून ओढा, मग आणखी तिरकी. पट्टीमागे खळगा कधी पडतो? पडल्यावर, न थांबता पट्टी हळूहळू सरळ करा. खळगा कधी बुजतो?

दोन्ही वेळचा तिरकेपणा वहीत रेघ काढून दाखवा. रेघा सारख्याच येतात का, ते नीट बघा हं!