वीस पाच की पंचवीस?

१६७६ ते १८५५ या काळात मराठी राजवट असलेल्या तंजावरात आजही मराठी बोलणारी घरे आहेत. अशाच एका घरी गेलो असता अंगणात आजी आणि सात वर्षांची नात कोलमसाठी ठिपके मांडत होत्या: एक, तीन, पाच, सात, पुन्हा पाच, तीन, एक. मी विचारले, "ठिपके किती झाले गं?" न मोजता ती म्हणाली, "सोळा आणि नऊ, म्हणजे वीस पाच." आजीने हसून दुरुस्त केले, "पंचवीस म्हणावं, बाळ."

उत्तर अचूक होते. आकृती तिरकी पाहिली की चार-चारच्या चार ओळी दिसतात आणि त्यांच्या मधल्या जागांत तीन-तीनच्या तीन. शब्दांचा क्रम मात्र तमिळमधून आलेला. तमिळमध्ये आधी दशक, मग एकक. मराठीत नेमके उलट.

२०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात 'वीस एक' असे संख्यावाचन आले, तेव्हा महाराष्ट्रात केवढे वादळ उठले! वस्तुतः जुनी पद्धत रद्द झालेली नव्हती. मुलांना जोडाक्षरे आणि अंकांचा उलटा क्रम जड जातो, ही मंगला नारळीकर यांच्या समितीची भूमिका होती. ती मला पटते. परंतु माझ्या मते वादात मूळ प्रश्नच हरवला. दहा चिंचोक्यांची पुरचुंडी आणि सुटे चिंचोके ज्याने हाताळले, त्याला पंचवीस हा शब्द अडवत नाही. ज्याने हाताळले नाहीत, त्याला 'वीस पाच'ही तारत नाही.

यात माझाही दोष आहे. सेवेत असताना खेळातून गणित शिकवावे, असे परिपत्रक मी काढले होते. सोबत अहवालाचा नमुनाही जोडला. अहवाल शंभर टक्के आले. पुढे एका शाळेत गेलो, तर साहित्याची पेटी सीलबंद! साहित्य हरवले तर भरपाई कोण देणार, ही शिक्षकांची भीती रास्त होती. ती दूर करणे हे माझे काम होते आणि मी ते केले नाही. खेळात वस्तू हरवणारच, हे शासनाने हिशेबातच धरले पाहिजे.

परमुलखातील वाचकहो, आपल्याला परिपत्रकाची वाट पाहण्याचे कारण नाही. मूठभर चिंचोके घ्या आणि नातवंडाला विचारा: एकोणतीसमध्ये तीस कुठे लपले आहेत? उत्तर कोणत्याही भाषेत येवो, आधी ऐकून घ्या. शब्द मागाहून दुरुस्त करता येतो.