अकरावीचे हसू, बारावीचे मौन

पासष्टी-सत्तरी ओलांडलेली चार माणसे एकत्र आली, की प्रकृतीच्या तक्रारी आणि राजकारणाची निंदा हे दोन अपरिहार्य विषय आटोपल्यावर गप्पांची गाडी हमखास शाळेच्या शेवटच्या वर्षावर येते. महाविद्यालयात कोण काय शिकले, याची आठवण फारशी निघत नाही. परंतु अकरावीच्या वर्गात खडूच्या पेटीत बेडूक कोणी ठेवला होता, हा वाद अर्धशतकानंतरही अनिर्णीतच असतो. वृद्धांचा स्मरणरंजनाचा छंद म्हणून या प्रकाराकडे दुर्लक्ष करता येईल. परंतु आज बारावीत असलेल्या मुलाला पन्नास वर्षांनी आठवून हसावे असे काय उरणार आहे, असा प्रश्न विचारला, की विषय वाटतो तितका हलकाफुलका राहत नाही.

मुंबई विद्यापीठाची स्थापना १८५७ साली झाली आणि १८५९ साली पहिली मॅट्रिकची परीक्षा झाली. त्या पहिल्या उत्तीर्णांत महादेव गोविंद रानडे आणि रामकृष्ण गोपाळ भांडारकर होते. ज्या परीक्षेचा आरंभच अशा नावांनी व्हावा, तिचा दरारा पुढील पिढ्यांवर बसला तर नवल नाही. कालांतराने ही परीक्षा विद्यापीठाकडून मंडळाकडे गेली, तिचे नाव 'एस. एस. सी.' झाले, १ जानेवारी १९६६ रोजी राज्य मंडळाचा कारभार सुरू झाला; तरी लोकांच्या तोंडी 'मॅट्रिक' कायम राहिली. १९७५ साली जुन्या अकरावीची आणि नव्या दहावीची मुले एकाच हंगामात परीक्षेला बसली आणि शाळेतील 'अकरावी' इतिहासजमा झाली. थोरल्या आणि धाकट्या भावाचा निकाल एकाच घरात एकाच उन्हाळ्यात लागल्यावर काय गमती झाल्या असतील, याची कल्पना वाचकांनीच करावी.

दरारा मोठा, म्हणूनच विनोदही मोठा, असे त्या वर्षाचे गणित होते. परीक्षेचे केंद्र तालुक्याला असे. १८८७ साली राजकोटच्या मोहनदास गांधींनी मॅट्रिकसाठी मुंबईऐवजी अहमदाबादचे केंद्र पत्करले, ते जवळचे आणि कमी खर्चाचे म्हणून. त्यांनी तो प्रवास सोबतीवाचून एकट्याने केला. आमच्या पिढीला एकटेपणाचे ते भाग्य नव्हते! वळकट्या, पत्र्याच्या ट्रंका, लाडू-चिवड्याचे डबे आणि बरोबर एखादा मामा, असा तांडा एस. टी.तून उतरे. तालुक्याच्या गावी ज्याचे घर असेल त्याच्याकडे दूरच्या नात्याचेही सात-आठ परीक्षार्थी मुक्कामाला येत. घरची माउली सर्वांच्या हातावर दही-साखर ठेवी आणि सर्वांना सारखाच आशीर्वाद देई. मंडळ मात्र सर्वांना सारखेच गुण देत नसे.

त्याआधीचे दोन-तीन महिने रात्रीच्या अभ्यासाचे. दिवाळीनंतर अकरावीच्या मुलांनी अंथरूण घेऊन शाळेतच झोपायला यावे, असा कित्येक खेडेगावांतील शाळांचा शिरस्ता होता. घरात दिवा एक आणि माणसे दहा, म्हणून ही सोय. कंदिलाभोवती डोकी जमत. भूमितीच्या पुस्तकाच्या पोटात बाबूराव अर्नाळकरांचा झुंजार किंवा काळापहाड दडलेला असे. मुख्याध्यापक विजेरी घेऊन फेरीला निघाले, की दाराशी बसविलेला पहारेकरी ठरलेल्या खुणेसाठी खोकत असे. आमच्या शाळेतील अशा एका पहारेकऱ्याला मुख्याध्यापकांनी चौथ्या रात्री खोकल्याच्या औषधाची बाटली आणून दिली आणि सर्वांसमोर दोन चमचे पाजले. रागाचा एक शब्दही ते बोलले नाहीत. त्या रात्री वर्गात जे हसू फुटले, त्यात गुरुजी आणि विद्यार्थी अशी भिंत उरली नव्हती. दुसऱ्या दिवसापासून पहारा उठला आणि झुंजारही घरी गेला. छडीने जे साधले नसते, ते दोन चमच्यांनी साधले.

याच वर्षी बोर्डाचा अर्ज भरला जाई आणि वर्गातील निम्म्या मुलांचा जन्म १ जून रोजी झाला असल्याचा शोध लागे. पहिलीत नाव घालताना आई-बापांना तारीख सांगता आली नाही, की मास्तर शाळेच्या सोयीची तारीख टाकून मोकळे होत. जन्म मोठ्या पुरात झाला, की प्लेगाच्या साली, याचे घरी एकमत नसे. परंतु शालान्त प्रमाणपत्रावर जे उमटले तेच पुढे नोकरीत आणि निवृत्तीत प्रमाण ठरले. महाराष्ट्रातील अनेक कचेऱ्यांतून मे महिन्याच्या अखेरीस निरोपसमारंभांची जी दाटी होत आली, तिचे मूळ या 'सरकारी' वाढदिवसात आहे.

आणि शेवटी निरोपसमारंभ. 'शाळा ही आमची माता' हे वाक्य प्रत्येक वक्त्याच्या भाषणात येई आणि तिसऱ्या वक्त्याला ते उच्चारताना हसू आवरत नसे. शेलापागोट्यांच्या कार्यक्रमात ज्या गोष्टी वर्षभर बोलता आल्या नाहीत, त्या सभ्यतेच्या वेष्टनातून शिक्षकांच्या पदरी पडत. आपल्या तपकिरीवरचे शेलापागोटे स्वतःच मोठ्याने वाचून दाखविणारा शिक्षक मुलांच्या मनात जी जागा मिळवी, ती शंभर उपदेशांनी मिळत नसे. सत्तेने स्वतःवरचा विनोद कसा सोसावा, याचा तो पाठच होता. नागरिकशास्त्राच्या पुस्तकात तो नव्हता.

तथापि, हे चित्र एकांगी राहू नये. अकरावीच्या आठवणी सांगून हसणारे बहुतेक सारे परीक्षा उत्तीर्ण झालेले असतात. जे नापास झाले, त्यांपैकी काहींनी 'ऑक्टोबरची वारी' केली, परंतु अनेकांची पाटी तेथेच फुटली. 'नॉन-मॅट्रिक' हा शब्द त्यांच्या नावापुढे जन्मभर चिकटला. रात्रीचा अभ्यास मुलांसाठी होता. मुलींना कंदील तर नव्हताच, आणि घरचा स्वयंपाक उरकल्याशिवाय पुस्तकही नव्हते. त्यांच्यापैकी कित्येकींच्या बाबतीत निकालाआधीच लग्नपत्रिका छापून येई. दारिद्र्यामुळे जी मुले अकरावीपर्यंत पोचलीच नाहीत, त्यांची तर या आठवणींत छायाही नाही. म्हणून 'जुने ते सोने' असा निष्कर्ष काढण्याचा आमचा हेतू नाही. परंतु जुन्या काळातील अन्याय गेले पाहिजेत, हे जितके खरे, तितकेच त्याबरोबर हसण्याची जागाही जावी असा काही नियम नाही, हेही खरे.

प्रत्यक्षात ती जागा गेली आहे. आजची बारावी नावाने कनिष्ठ महाविद्यालयात भरते. खरी भरते ती शिकवणी-वर्गात. अभियांत्रिकी आणि वैद्यकीय प्रवेशपरीक्षांचे महत्त्व वाढले, तसतसे वर्गातील बाक रिकामे होत गेले. प्रवेश एका संस्थेत, अभ्यास दुसरीकडे आणि हजेरी कागदावर, या व्यवस्थेला आळा घालण्यासाठी २०१८ साली राज्य शासनाने विज्ञान शाखेच्या कनिष्ठ महाविद्यालयांत बायोमेट्रिक हजेरी सक्तीची केली. जानेवारी २०२४ मध्ये केंद्र शासनाने मार्गदर्शक सूचना काढून सोळा वर्षांखालील मुलांना शिकवणी-वर्गात प्रवेश देऊ नये आणि शाळेच्या वेळेत वर्ग घेऊ नयेत, असे सांगितले. सूचनांची उणीव नाही. उणीव आहे ती त्या पाळण्याच्या इच्छेची. दहावीच्या मुलांना स्नेहसंमेलनात आणि क्रीडास्पर्धेत भाग न घेऊ देणाऱ्या शाळा आहेत, आणि त्याबद्दल त्यांचे आभार मानणारे पालकही आहेत.

या साऱ्यात जे हरवते, ते केवळ खोड्यांचे स्वातंत्र्य नव्हे. जुन्या अकरावीत पाटलाचा मुलगा आणि त्याच्याच शेतावर राबणाऱ्याचा मुलगा एका कंदिलाखाली बसत आणि एकाच शेलापागोट्याला हसत. शिकवणी-वर्गांत मुलांची वाटणी आधी शुल्काप्रमाणे आणि मग चाचणीतील गुणांप्रमाणे होते. शेजारचा सोबती हा तेथे प्रथम प्रतिस्पर्धी असतो, आणि प्रतिस्पर्ध्याबरोबर कोणी मनमोकळे हसत नाही. भीती तेव्हाही होती. परंतु ती चाळीस जणांत वाटून घेतलेली होती. आज ती एकेकट्याच्या वाट्याला आली आहे. कोट्याहून अधूनमधून येणाऱ्या दुःखद वार्ता वाचताना या एकटेपणाचा विचार ज्यांच्या मनात येत नाही, त्यांच्या शिक्षणप्रेमाविषयी शंका घ्यावी लागेल.

यावर करण्याजोगे पुष्कळ आहे आणि त्यातील बरेचसे बिनखर्चाचे आहे. शेवटच्या वर्षाच्या विद्यार्थ्यांना संमेलन, सहल आणि मैदान यांपासून दूर ठेवण्याची प्रथा शाळांनी बंद करावी. हजेरीच्या नियमाची अंमलबजावणी शासनाने विद्यार्थ्याला धाक घालून नव्हे, तर संस्थाचालकाला जाब विचारून करावी. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, सायंकाळी कुलुपे लागणाऱ्या शाळांच्या इमारती अभ्यासासाठी उघड्या ठेवाव्यात. पुण्यासारख्या शहरात अभ्यासिकेतील खुर्ची महिन्याच्या भाड्याने घ्यावी लागते. एका खोलीत पाच माणसे राहणाऱ्या घरातील मुलामुलींनी जायचे कोठे? शाळेतील रात्रीचा अभ्यास पुन्हा सुरू झाला, आणि या वेळी तो मुलींसाठीही सुरक्षितपणे सुरू झाला, तर जुन्या अकरावीचे जे चांगले होते ते परत येईल आणि जे अन्याय्य होते ते टळेल. देखरेखीला शिक्षक लागतील. त्यांना त्याचा रीतसर मोबदला द्यावा, कारण जुन्या मुख्याध्यापकांच्या त्यागावर नवी व्यवस्था उभी करता येणार नाही.

परीक्षा महत्त्वाची आहेच. परंतु सतराव्या वर्षी मनुष्य जे शिकतो, त्यातील फार थोडे उत्तरपत्रिकेत मावते. चारचौघांत स्वतःचे हसे झाले तरी कसे टिकावे, मोठ्यांची थट्टा कोठवर करावी आणि अपयशी मित्राच्या खांद्यावर हात कसा ठेवावा, हे वर्गातच शिकता येते आणि त्यासाठी वर्ग भरावा लागतो. बारावीचे वर्ग प्रथम भरू द्यावेत. खोड्या मुले आपापल्या शोधून काढतील. त्यासाठी तरी त्यांना शिकवणीची गरज पडणार नाही.