रंग नसलेले राक्षस



गेल्या वेळी आपण अंगणात काठी रोवून सावलीचं घड्याळ केलं होतं. आज त्या सावलीतच मुक्काम ठोकून बसलेल्या काही मंडळींची ओळख करून घेऊ या. यातला कुणी पाण्यात राहतो, कुणी बेटावर, तर कुणी चक्क प्रयोगशाळेत जन्मलेला आहे. सगळ्यांची वयं सत्तरीच्या पुढची! एक तर शंभरी ओलांडून गेला. पण गंमत अशी, की यांच्या अंगावर रंगाचा एक ठिपका नाही. हे सगळे जुन्या काळ्या-पांढऱ्या सिनेमांतले राक्षस आहेत, बरं का!

तुम्ही म्हणाल, "बाई, आता मोबाइलवर एक बोट फिरवलं की हवा तसा रंगीत राक्षस मिळतो. मग ते जुने, पडद्यावर खरखर करणारे सिनेमे कोण बघणार?" प्रश्न रास्त आहे. आणि उत्तर असं, की लोक बघतात. जगभर बघतात, पुन्हा पुन्हा बघतात. का बघतात, ते आज शोधू.

सुरुवात आपल्या घरच्याच राक्षसापासून करू. दादासाहेब फाळके तुम्हांला माहीत आहेतच. 1913 साली 'राजा हरिश्चंद्र' काढणारे, त्र्यंबकेश्वरला जन्मलेले. पण ते जादूचे प्रयोगही करत, हे ठाऊक आहे का? फाळके हे आडनाव उलटंपालटं करून त्यांनी जादूगाराचं नाव घेतलं होतं, 'प्रोफेसर केल्फा'! तर या केल्फांनी 1919 साली 'कालिया मर्दन' नावाचा मूकपट काढला. त्यात बाळकृष्ण झाली होती त्यांची स्वतःची मुलगी मंदाकिनी. वय असेल सात-एक वर्षांचं, म्हणजे आपल्या दुसरीतल्या मुलीएवढं. सिनेमाच्या सुरुवातीला आधी नुसता मंदाकिनीचा चेहरा दिसतो. ती वेगवेगळे भाव करून दाखवते आणि मग बघता बघता तिचा कृष्ण होतो. जणू फाळके म्हणतात, "बघा, ही एक साधी मुलगी आहे. आता हीच त्या भयंकर सापाशी झुंजणार!"

आणि ती झुंजते. यमुनेच्या डोहात उडी, पाण्याखाली त्या भल्याथोरल्या कालियाशी झटापट, आणि शेवटी त्याच्या फण्यावर नाच. साप बनवलेला आहे हे आपल्याला कळतं. तरी ती इवलीशी मुलगी पाण्यात गेली, की आपण खुर्चीच्या कडेला येऊन बसतो. का बरं?

पहिलं कारण सांगते. एकदा वर्गात मी मुलांना विचारलं, "राक्षस सगळ्यांत मोठा केव्हा असतो?" कुणी म्हणालं, ओरडतो तेव्हा. कुणी म्हणालं, खातो तेव्हा. शेवटच्या बाकावरचा एक अबोल मुलगा म्हणाला, "बाई, तो दिसत नाही तोपर्यंत." शाबास! अगदी बरोबर. दिवे गेल्यावर मेणबत्तीच्या उजेडात दांडीवरच्या सदऱ्याची सावली भिंतीवर पडते, तेव्हा तिला शिंगं कोण लावतं? आपणच की! संध्याकाळी दुर्गा टेकडीवर जाऊन पाहा. दिवसा ओळखीची असलेली झाडं अंधार पडू लागला की काळी, अनोळखी होतात. काळ्या-पांढऱ्या सिनेमात अर्धा पडदा असाच अंधारात असतो. त्या अंधारात काय आहे, ते आपलं मन भरतं. आणि प्रत्येकाचं मन आपापल्या भीतीच्या मापाचा राक्षस भरतं. म्हणून तो कधी जुना होत नाही.

दुसरं कारण आहे हातांचं. अमेरिकेत 1933 साली 'किंग काँग' नावाचा सिनेमा आला. त्यातलं ते अजस्र माकड, जे उंच इमारतीवर चढून विमानांशी लढतं, ते खरं किती उंच होतं? फक्त दीड फुटाच्या आसपास! म्हणजे तुमच्या हातातल्या फूटपट्टीच्या दीडपट. आत धातूचा सांगाडा, वर रबर आणि सशाची फर. सांगाड्याचे सांधे होते वाटीत गोळा बसवलेले, म्हणजे बॉल जॉइंट. निगडी, आकुर्डी, चाकण या भागात तुमच्यापैकी कितीतरी जणांचे आईबाबा कंपनीत जातात. त्यांना विचारा, गाडीच्या स्टिअरिंगच्या दांड्यांनाही तसाच सांधा असतो.

विलिस ओब्रायन आणि त्यांचे सहकारी हे माकड केसभर हलवायचे, एक चित्र घ्यायचे. पुन्हा केसभर हलवायचे, पुन्हा एक चित्र. पडद्यावर एका सेकंदात अशी 24 चित्रं पळतात. आता गणित करा: एका मिनिटाला किती? 1440! काँग पडद्यावर नीट पाहिलात, तर त्याची फर सारखी शहारल्यासारखी दिसते. तो वारा नव्हे. माकड हलवताना कारागिरांची बोटं फरीला लागत, त्या बोटांच्या त्या खुणा. म्हणजे इतक्या वर्षांनीही आपण त्या माणसांची बोटं पाहतो. मला तर वाटतं, लोकांना काँग जिवंत वाटतो तो याचमुळे.

आणि हो, एकेक चित्र घेऊन वस्तू हलवण्याचा हा खेळ आपल्या फाळक्यांनी काँगच्या कितीतरी आधी केला होता. 1912 साली त्यांनी कुंडीतल्या वाटाण्याला कोंब फुटून रोप कसं वाढतं ते असंच एकेक चित्र घेऊन दाखवलं. 1915 साली काड्यापेटीतल्या काड्यांना पडद्यावर नाचवलं. त्या छोट्या सिनेमाचं नाव 'आगकाड्यांची मौज'.

तिसरं कारण मला सगळ्यांत महत्त्वाचं वाटतं. हे राक्षस नुसते 'भ्यॉ' करून जात नाहीत. ते काहीतरी सांगतात.

1931 सालचा 'फ्रँकेन्स्टाइन' घ्या. मूळ गोष्ट मेरी शेली या मुलीनं लिहायला घेतली तेव्हा ती होती 18 वर्षांची, आणि पुस्तक छापून आलं 1818 साली. पुष्कळ लोक त्या राक्षसालाच फ्रँकेन्स्टाइन म्हणतात. खरं तर ते त्याला घडवणाऱ्या शास्त्रज्ञाचं नाव. त्या बिचाऱ्याला नावच नाही. सिनेमाच्या सुरुवातीच्या पाट्यांमध्येसुद्धा राक्षसाचं काम करणाऱ्या नटाच्या जागी नुसतं प्रश्नचिन्ह होतं! ते काम केलं बोरिस कार्लोफ यांनी. त्यांच्या चेहऱ्याला निळसर-हिरवट रंग फासत, म्हणजे पडद्यावर तो प्रेतासारखा फिकट दिसे. पण डोळे बघा त्यांचे. हरवलेल्या लहान मुलासारखे. जन्म देणाऱ्यानंच त्याला टाकून दिलंय. मग राक्षस कोण? घडवलेला, की घडवून जबाबदारी टाळणारा? मुलांनो, या प्रश्नाचं उत्तर मी देणार नाही. घरी जेवताना हा विषय काढा.

जपानमध्ये 1954 साली 'गोजिरा' आला, ज्याला आपण गॉडझिला म्हणतो. हिरोशिमा आणि नागासाकीवर अणुबॉम्ब पडून नऊ वर्षं झाली होती. त्याच वर्षी मार्चमध्ये अमेरिकेनं प्रशांत महासागरात हायड्रोजन बॉम्बची चाचणी केली, तिची राख एका जपानी मासेमारी बोटीवर पडली आणि खलाशी आजारी पडले. नोव्हेंबरात पडद्यावर समुद्रातून गोजिरा वर आला, बॉम्बनं जागा केलेला. त्याच्या पोटात माणूस होता, जड रबरी पोशाखात घामानं निथळणारा. त्याची ती डरकाळी डबल बास नावाच्या भल्यामोठ्या तंतुवाद्याच्या तारांवर चामड्याचा हातमोजा घासून काढली होती. पण थिएटरातली माणसं हातमोज्याला घाबरली नाहीत. त्यांनी जे खरंच सोसलं होतं, ते त्यांना पडद्यावर दिसलं.

आता पुन्हा कालियाकडे या. तो कशाचा राक्षस? त्यानं काय केलं होतं? नदीचं पाणी विषारी केलं होतं! गाई ते पाणी पीत आणि मरून पडत. मुलांनो, आपली निगडी पवना आणि इंद्रायणी या दोन नद्यांच्या मधे वसलेली आहे. आपल्या नळाला पवनेचं पाणी येतं, सेक्टर 23 मधल्या केंद्रात ते शुद्ध होतं. आणि इंद्रायणीच्या पाण्यावर आळंदीला पांढऱ्या फेसाचे ढीग तरंगताना अलीकडच्या वर्षांत तुम्ही वर्तमानपत्रांत पाहिले असतील, कदाचित वारीच्या वेळी प्रत्यक्षही. सांडपाण्याचा आणि कारखान्यांच्या घाणीचा तो फेस. त्याला फणा नाही, शेपूट नाही. पण मला विचाराल, तर कालिया तोच. आणि कथेत कृष्ण त्याला ठार मारत नाही, नागपत्नी विनवतात तेव्हा डोह सोडून जायला लावतो, हेही विसरू नका.

थोडं दुःखाचंही सांगते. आपल्याकडे मूकपटांच्या काळात तेराशेच्या वर सिनेमे तयार झाले. आज त्यांतले मोजकेच उरले आहेत, आणि त्यातलेही पुष्कळसे तुकड्या-तुकड्यांत. 'आगकाड्यांची मौज' कायमची गेली. तेव्हाची फिल्म नायट्रेटची असे, ती भडकन पेट घेई. शिवाय फिल्मवर चांदीचा अंश असतो, म्हणून जुनी रिळं लोक भंगारात विकत आणि त्यातून चांदी काढत. पुण्यात 1964 साली राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय सुरू झालं. तिथल्या पी. के. नायर यांनी जन्मभर अशी रिळं शोधली आणि जपली. तरी 2003 साली पुण्यातच नायट्रेट रिळांच्या साठ्याला आग लागली आणि कितीतरी जुने सिनेमे जळाले. 'कालिया मर्दन'चा सुमारे पाऊण तासाचा भाग मात्र वाचला आहे. शंभर वर्षांपूर्वीची ती मंदाकिनी आजही डोहात उडी मारते, ती कुणीतरी ते रीळ सांभाळलं म्हणून. तुमच्या माळ्यावर आजोबांच्या वेळची छायाचित्रं, निगेटिव्ह, जुन्या कॅसेटी पडल्या असतील, तर रद्दीत देण्याआधी एकदा मोठ्यांना विचारा.

पालकहो, दोन शब्द तुमच्यासाठी. 'कालिया मर्दन' इंटरनेटवर पाहता येतो, लहानांनाही चालेल. 'किंग काँग' आणि 'गोजिरा' पाचवी-सहावीच्या पुढे. 'फ्रँकेन्स्टाइन' त्याहून मोठ्या मुलांना दाखवा, कारण त्यात तळ्याकाठचा एक प्रसंग मनाला चटका लावणारा आहे. राक्षस एका छोट्या मुलीबरोबर पाण्यात फुलं सोडत असतो, फुलं तरंगतात तशी तीही तरंगेल असं त्याला वाटतं. मुलांना एकटं मोबाइल देऊन बसवू नका. सेकंड शिफ्ट असेल तर रविवारी बसा, पण शेजारी बसा. भीती वाटली तर चिडवू नका. हात धरून अनुभवलेली भीती मुलाला मोठं करते, एकट्यानं सोसलेली भीती मात्र रात्री झोप उडवते.

आता या आठवड्याचा उद्योग! चिकणमातीचा किंवा कणकेचा वीतभर राक्षस करा. खिडकीशी, एका बाजूनं उजेड येईल असा ठेवा. घरातला मोबाइल पुस्तकांच्या आधारानं पक्का उभा करा आणि कॅमेऱ्यात रंग काढून टाकून काळं-पांढरं चित्र निवडा. राक्षस थोडा हलवा, फोटो काढा, पुन्हा हलवा. असे 48 फोटो झाले, की भरभर पुढे सरकवून पाहा. तो चालू लागेल! आणि बारकाईनं पाहिलंत, तर त्याच्या अंगावर तुमच्या बोटांचे ठसे हलताना दिसतील. ते पुसू नका.

राक्षसाला नाव द्यायला मात्र विसरू नका हं. बिननावाच्याचे काय हाल होतात, ते आपण पाहिलंच आहे! आणि तो कशाचा राक्षस आहे, कचऱ्याचा, धुराचा, की गणिताच्या पेपराचा, तेही एका ओळीत मला लिहून कळवा.

तुमच्या,
बाई