मृताने साक्ष कशी द्यावी?

विमा कायद्यांत सुधारणा करणारे विधेयक संसदेने डिसेंबर २०२५ मध्ये संमत केले. खासगी कंपन्यांना या क्षेत्राचे दार उघडले गेले तेव्हा परकी भांडवलाची मर्यादा शेकडा २६ होती. ती २०१५ साली ४९, २०२१ साली ७४ आणि आता १०० झाली. भांडवलाच्या वाटेतील शेवटचा धोंडा अशा रीतीने दूर झाला आहे. विमेदारांच्या प्रबोधनासाठी व संरक्षणासाठी निधी उभारण्याची तरतूदही या सुधारणेत आहे आणि तिचे आम्ही स्वागतच करतो. परंतु विमेदाराच्या विधवेच्या वाटेत पडलेला धोंडा कोणी उचलायचा, हा आमचा प्रश्न आहे.

तो धोंडा १९३८ च्या विमा कायद्यातील ४५ व्या कलमात आहे. या कलमाचे मूळ धोरण विमेदाराच्या हिताचे आहे, हे आम्ही प्रांजळपणे मान्य करतो. जीवनविम्याची पॉलिसी तीन वर्षे चालली की पुढे कोणत्याही कारणास्तव तिच्याविषयी शंका घेता येणार नाही, असे २०१५ च्या सुधारणेने ठरविले. मात्र त्या तीन वर्षांच्या आत विमेदार मरण पावला आणि त्याने माहिती दडवून फसवणूक केली असे कंपनीने म्हटले, तर ती फसवणूक नव्हती हे सिद्ध करण्याचा भार त्याच सुधारणेने वारसांवर टाकला. आरोप करणाऱ्याने तो सिद्ध करावा, हा न्यायाचा साधा दंडक. येथे तो उलटा फिरविला आहे. बरे, केवळ चुकीच्या माहितीचा ठपका असेल तर भरलेले हप्ते तरी परत मिळतात. फसवणुकीचा ठपका बसला की त्यांवरही पाणी सोडावे लागते.

प्रत्यक्षात काय घडते, हे पेडण्यापासून काणकोणपर्यंत कोणालाही ठाऊक आहे. कंपनीचा प्रतिनिधी घरी येतो. तो बहुधा ओळखीचा, एखाद्या नातलगाने धाडलेला असतो. प्रस्तावपत्र इंग्रजीत असते आणि ते तोच भरतो. यजमान बोलता बोलता सांगतो, "थोडा रक्तदाब आहे, सकाळी एक गोळी घेतो." "एवढ्यातेवढ्याचे काय मनावर घेता!" असे म्हणून प्रतिनिधी सगळ्या रकान्यांत 'नाही' लिहितो आणि सहीची जागा दाखवितो. मजकूर समजावून सांगितल्याचे निवेदनही खाली असते. तेही इंग्रजीतच! दोन वर्षांनी यजमान जातो. कंपनीला इस्पितळाचे जुने कागद सापडतात आणि पत्र येते ते त्याच्या पत्नीच्या नावे. त्या दिवशी स्वयंपाकघरात चहा करीत असलेल्या त्या माउलीने बाहेरच्या खोलीत कोण काय बोलले याचा पुरावा कोठून आणावा?

विमा विकण्यासाठी बोलणी करणारा माणूस करार घडविण्यापुरता कंपनीचाच प्रतिनिधी मानावा, असे हेच कलम सांगते. मग त्याच्या कानांनी ऐकलेले कंपनीने ऐकले असे का मानू नये?

खोटे दावे करणारे लोक आहेत आणि त्यांचा भुर्दंड अखेर प्रामाणिक विमेदारांच्या हप्त्यांवर पडतो, हे कंपन्यांचे म्हणणे आम्ही नाकारीत नाही. पण तपासासाठी डॉक्टर, वकील आणि पैसा कंपनीपाशी असतो. पहिला हप्ता घेण्यापूर्वी त्यांचा उपयोग करावा. हप्ते घेताना डोळे मिटायचे आणि दावा येताच भिंग हाती घ्यायचे, याला सावधगिरी म्हणत नाहीत.

म्हणून पुराव्याचा हा भार कंपनीवर टाकणारी दुरुस्ती संसदेने करावी. प्रस्तावपत्र विमेदाराच्या भाषेत, गोव्यात मराठीत व कोंकणीत, देण्याची सक्ती करावी. परक्या भाषेतील कागदावर मुकाट्याने सही करणे म्हणजे काय, हे १९६१ पर्यंत पोर्तुगीज अमदानी सोसलेल्या या भूमीला वेगळे सांगावयास नको. तिसरी गोष्ट लोकपालांची. विमा लोकपालांकडे तक्रार करण्यास शुल्क नाही, वकील लागत नाही आणि ५० लाख रुपयांपर्यंतची भरपाई ते देववू शकतात. परंतु गोव्यासाठीचे त्यांचे कार्यालय मुंबईत आहे. दूरदृश्य सुनावणीची सोय आहे खरी, पण सत्तरीतल्या म्हाताऱ्या विधवेला पणजीत किंवा मडगावात भरणारी बैठक अधिक जवळची वाटेल.

तोवर वाचकांनी एवढे करावे. पॉलिसी हाती येताच तिच्यासोबतची प्रस्तावपत्राची प्रत जाणत्या माणसाकडून वाचून घ्यावी. चूक आढळल्यास कंपनीला लेखी कळवून पोच घ्यावी. अटी न पटल्यास तीस दिवसांत पॉलिसी परत करता येते. दावा नाकारला गेलाच, तर आधी कंपनीकडे लेखी तक्रार करावी आणि महिनाभरात समाधान न झाल्यास लोकपालांकडे जावे. मात्र वर्षाची मुदत उलटू देऊ नये.

मागे राहणाऱ्यांची सोय व्हावी म्हणून माणूस विमा उतरवितो. त्याच्या पश्चात त्याच्याच घरच्यांना त्याच्या सचोटीची साक्ष देत फिरविणारा कायदा त्या हेतूशीच प्रतारणा करतो.