कसूर हातांची, शिक्षा स्क्रूला

मोटारसायकलचा कार्बोरेटर खोलून, धुऊन, पुन्हा बसवल्यावर गाडी पूर्वीपेक्षा वाईट चालू लागली म्हणजे मालक मेकॅनिकला दोष देतो, मेकॅनिक पेट्रोलला दोष देतो, आणि अखेरीस दोघे मिळून कार्बोरेटरच्या अंगावरील त्या लहानशा पितळी स्क्रूला शिक्षा देतात. वास्तविक जो बिघाड काल नव्हता आणि आज उत्पन्न झाला, त्याचा उगम मधल्या काळात त्या यंत्रावरून जे हात फिरले त्यांच्या कामातच प्रथम शोधावा, हा न्याय इतका उघड आहे की आपल्या गॅरेजांतून तो सहसा पाळला जात नाही याचेच आश्चर्य वाटावे.

हा विषय आता कालबाह्य झाला, असा आक्षेप कोणी घेईल. 1 एप्रिल 2020 पासून भारत स्टेज सहाचे निकष अमलात आले आणि नव्या दुचाकींतून कार्बोरेटर जवळजवळ हद्दपार झाला, हे खरे. तथापि त्यापूर्वीच्या स्प्लेंडर, पल्सर, बुलेट, आणि उत्पादन 1996 साली बंद पडूनही जिच्या नुसत्या आवाजावर जीव टाकणारे लोक गावोगाव आढळतात ती आरएक्स 100, या साऱ्या गाड्या रस्त्यावर आहेत, आणि नोंदणीची पंधरा वर्षांची मुदत संपली तरी तपासणीअंती पाच वर्षांचे नूतनीकरण मिळत असल्यामुळे त्या आणखी बराच काळ राहणार आहेत.

अरुंद मार्गातून वेगाने जाणाऱ्या हवेचा दाब घटतो, हे अठराव्या शतकात बर्नोली आणि व्हेंचुरी यांच्या अभ्यासातून स्पष्ट झालेले तत्त्वच या यंत्राचा आधार आहे. त्या घटलेल्या दाबामुळे खालच्या वाटीतील पेट्रोल जेटांच्या वाटे वर ओढले जाते आणि एका भाग पेट्रोलास वजनाने सुमारे 14.7 भाग हवा, या प्रमाणाच्या आसपास मिश्रण सिद्ध होते. हे प्रमाण राखण्याचे सारे काम अगदी बारीक अशा छिद्रांवर सोपवलेले असते, आणि आपले कारागीर त्याच छिद्रांत क्लच केबलची एखादी तार घालून मोठ्या आत्मविश्वासाने ती फिरवतात. कित्येक जेटांवर कोरलेला अंक हा छिद्राचा व्यास मिलिमीटरच्या शंभराव्या भागांत सांगतो. 40 अंकाचे जेट तारेने झिजून 44 चे झाले तर व्यास 10 टक्केच वाढतो, परंतु क्षेत्रफळ 21 टक्क्यांनी वाढते, आणि मग काळा पडलेला प्लग पाहून ‘पेट्रोलच खराब आहे’ असा निर्वाळा दिला जातो! उलट पक्षी जेट धुतले, पण ज्या बारीक मार्गातून त्याला पेट्रोल किंवा हवा मिळते तो कार्बोरेटरच्या अंगातला मार्ग तुंबलेलाच राहिला, असेही होते. जेट उजेडाकडे धरून आरपार पाहता येते, वाकडा मार्ग पाहता येत नाही, म्हणून त्यात क्लीनर फवारून तो दुसऱ्या तोंडातून बाहेर पडतो की नाही हे पाहावेच लागते.

परंतु माझ्या मते सर्वांत अधिक घोटाळा जुळणीत होतो. मिश्रणाच्या स्क्रूवर स्प्रिंग, तिच्या पुढे वॉशर आणि टोकाकडे रबराची इवलीशी ओ-रिंग असा क्रम पुष्कळ कार्बोरेटरांत असतो. स्क्रू काढताना ती रिंग छिद्रातच चिकटून राहते, किंवा हवेचा पाइप लावताच कोठे उडून जाते याचा पत्ताही लागत नाही, आणि तिच्यावाचून बसवलेला स्क्रू आट्यांमधून हवा ओढू लागला म्हणजे इंजिन कधी चढते, कधी उतरते, पण स्थिर म्हणून राहत नाही. स्लाइड उलटी बसली तर किक मारताच गाडी रेस घेते. पल्सरसारख्या ज्या काही गाड्यांत रबरी पडदा आहे, त्यांत तो क्लीनरने फुगतो, झाकणाखाली कडेला चिमटला जातो, आणि मूठ कितीही पिळली तरी पिकअप मिळत नाही. इंजिनाकडच्या रबरी मॅनिफोल्डची क्लिप ढिली राहिली वा रबराला चीर गेली, तर चोक ओढल्यावाचून गाडी उभीच राहत नाही. चालू इंजिनावर त्या सांध्यावर थोडे साबणाचे पाणी सोडावे, आवाज बदलला तर हवा तेथूनच जाते.

आता त्या बिचाऱ्या स्क्रूविषयी. तो एअर फिल्टरच्या बाजूस असेल तर सामान्यतः हवेचा असतो आणि आत पिळल्यास पेट्रोलचे प्रमाण वाढते. इंजिनाच्या बाजूस असेल तर तो पेट्रोलाचा असतो आणि आत पिळल्यास तेच प्रमाण घटते. एकाच दिशेची पिळणी दोन गाड्यांत दोन विरुद्ध परिणाम घडवते, हे ज्याला कोणी सांगितले नाही तो मनुष्य कितीही कुशल असला तरी दिवसभर स्क्रू फिरवत बसेल, आणि जोराने आवळून त्याचे निमुळते टोक बैठकीत मोडून ठेवील. शिवाय या स्क्रूची सत्ता मूठ बंद किंवा किंचित उघडी असेपर्यंतच चालते. पुढे पाव ते पाऊण उघडेपर्यंत स्लाइडला लोंबणाऱ्या सुईचा अंमल आणि त्याहून वर मेन जेटचा. तेव्हा चढावर गाडी मिस मारत असता स्लोचा स्क्रू छेडणे म्हणजे एका खात्याच्या तक्रारीबद्दल दुसऱ्या खात्याच्या कारकुनास बडतर्फ करणे होय. मुठीवर चिकटपट्टी लावून पाव, अर्धा, पाऊण अशा खुणा कराव्यात आणि बिघाड कोणत्या खुणेवर येतो ते पाहावे. इतकी साधी तजवीज अर्धा दिवस वाचवते.

खालच्या नळीतून पेट्रोल टपकू लागले तर बहुधा फ्लोटच्या सुईखाली कचरा अडकलेला असतो, तिचे रबरी टोक झिजलेले असते, अथवा धुताना फ्लोटची जीभ वाकून पेट्रोलची पातळी चढलेली असते. पातळी पाहण्यासाठी काही खोलावेही लागत नाही: वाटीच्या निचऱ्याच्या तोटीस पारदर्शक नळी लावून ती वाटीच्या कडेला उभी धरली आणि निचऱ्याचा स्क्रू सैल केला की आतली पातळी बाहेर दिसते.

पेट्रोलवर येणारा आळ सर्वस्वी खोटा असतो, असेही नाही. 2022 मध्ये देशात इथेनॉलचे प्रमाण सरासरी 10 टक्क्यांवर गेले आणि 2025 पर्यंत 20 टक्के मिश्रण सर्रास झाले. महाराष्ट्रातील साखर कारखान्यांना त्याचा लाभ झाला, याबद्दल तक्रार करण्याचे कारण नाही. मात्र इथेनॉल आर्द्रता शोषून घेते, जुन्या रबराशी त्याचे पटत नाही, आणि त्याला जळण्यास पेट्रोलाहून कमी हवा लागत असल्यामुळे जुन्याच जेटांतून तयार होणारे मिश्रण पूर्वीपेक्षा विरळ ठरते. इंजेक्शनच्या गाडीत सेन्सर ही तूट पुष्कळशी भरून काढतो. कार्बोरेटरास ते कळण्याचा मार्गच नाही. परंतु हा दोष धुण्याच्या आधीही असतो आणि नंतरही; धुतल्याच्या दिवशी अचानक उपटलेल्या बिघाडाचा खुलासा त्याने होत नाही.

आमच्या कारागिरांच्या कानांबद्दल मला आदरच आहे, पण या साऱ्या चौकशीस जे आकडे लागतात ते त्यांच्यापाशी नसतात आणि कानाने ते कळतही नाहीत: फ्लोटची उंची किती मिलिमीटर, कोणत्या मॉडेलास कोणत्या अंकाचे जेट, सुईची क्लिप कितव्या खाचेत, स्क्रू हलकेच तळाला टेकवून किती फेरे बाहेर. हे आकडे उत्पादकांच्या दप्तरी आहेत, अधिकृत सर्व्हिस सेंटरांच्या पुस्तिकांतून, बहुधा इंग्रजीत, छापलेलेही आहेत. तालुक्याच्या बसस्थानकासमोर टपरी टाकून बसलेल्या माणसापर्यंत मात्र ते पोचत नाहीत, आणि म्हणून तो अंदाजाने जुळवतो, आणि अंदाज फसला की नकली कार्बोरेटर आणून संपूर्ण बदलतो, ज्याचा खर्च मालकाच्या माथी बसतो. केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने 2022 च्या डिसेंबरात दुरुस्तीच्या हक्काचे जे पोर्टल सुरू केले त्यात वाहनांचाही अंतर्भाव आहे. उत्पादन बंद पडलेल्या मॉडेलांच्या बाबतीत तरी व्यापारी गुपिताची सबब पुढे करण्यास कोणाला जागा उरू नये. या गाड्यांचे कार्बोरेटरविषयक आकडे, सुट्या भागांच्या क्रमाच्या आकृतीसह, मराठीत आणि फुकट प्रसिद्ध करण्याची सक्ती सरकारने उत्पादकांवर करावी. प्रत्येक मॉडेलास एक पाठपोट कागद पुरेल, आणि औद्योगिक प्रशिक्षण संस्थांच्या कार्यशाळांतून तो भिंतीवर लावता येईल.